आष्टीचा लाल गोऱ्हा

सरांना शुद्ध पांढरा वळू हवा होता, म्हणून सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात आम्ही आष्टीकडे निघालो. सर नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि मी त्यांचा हंगामी मदतनीस होतो. 'हंगामी' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. गवळाऊ जातीच्या गाई वर्धा जिल्ह्याच्या या टोकाला होतात, आणि कोणता गोऱ्हा पैदाशीसाठी राखायचा हे ठरवायला सरकारने सरांना तज्ज्ञ म्हणून नेमलं होतं. सरांनी आयुष्यात गाय पाळली नव्हती, पण प्राण्यांच्या रंगांवर त्यांचे तीन लेख छापून आले होते.

नागपूरहून पॅसेंजरने पुलगाव आणि तिथून आर्वीची छोटी गाडी. ही गाडी आता नाही, त्यामुळे तुम्हाला रस्त्यानेच जावं लागेल, आणि लवकर पोचाल. आमची गाडी इतकी सावकाश चालायची की एक गृहस्थ खाली उतरून, शेतातल्या माणसाशी बोलून पुन्हा चढले. सरांनी मात्र त्या वेळात मला व्याख्यान दिलं. पांढरा रंग ऊन परतवतो, म्हणून विदर्भाच्या उन्हात निसर्गाने पांढऱ्या गाई निवडल्या. तांबडी गाय म्हणजे भेसळ. हे सांगताना ते घामाने निथळत होते, काळा कोट घालून.

मुक्काम आर्वीच्या विश्रामगृहात. खानसामा सुट्टीवर होता. बाजारातल्या खानावळीत भाकरी, वांग्याचं भरीत आणि लाल रस्सा मिळाला. सरांनी रस्सा घेतला नाही आणि मी त्यांच्या वाटणीचाही घेतला. सकाळी आष्टीच्या मोटारीत कंडक्टर भाडं आण्यांत सांगायचा आणि मोड नव्या पैशांत द्यायचा. हिशोब त्याला कळत होता की नाही कोण जाणे, पण आम्हाला नक्की कळत नव्हता.

आष्टीहून पुढे बैलगाडी. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टोळ उडत होते. काळ्या मातीत काळपट, मुरमाड चढावर तेच टोळ तांबूस. सर गाडी थांबवून आनंदाने बघत राहिले. गाडीवान म्हणाला, "उन्हाळ्यात धुऱ्यावरचं गवत पेटलं ना जी, का मंग हेच टोळ काळे होते." सरांनी ते तात्काळ वहीत लिहिलं, आणि पुढे लेखात 'माझे निरीक्षण' म्हणून छापलं. एकाच जिवाचा रंग त्याच्या हयातीत बदलतो हे त्यांना टोळाच्या बाबतीत मान्य होतं.

गावात आमच्यासाठी हुरडा भाजून तयार होता आणि पाटलांचा गोऱ्हाही धुऊन तयार होता. हुरडा अप्रतिम होता. गोऱ्हा पांढरा होता, एवढं खरं. त्याचे मागचे पाय चालताना एकमेकांत अडकत होते. सर त्याच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "शुभ्र." मंजूर.

दुसरा गोऱ्हा चंद्रभागाबाईंचा. ही बाई गावाच्या कडेच्या वस्तीत राहायची, मजुरी करायची आणि एक गाय राखून होती. आदल्या वर्षी नागपूरला जाऊन वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून गाव त्यांच्याशी जरा जास्तच गप्प होतं. गोऱ्हा तीन महिन्यांचा, रुंद छातीचा, डाव्या कानाला चिरा गेलेला, आणि अंगभर लालसर. बाईंनी मला आधीच हळूच सांगितलं होतं, "हा पास झाला तं अख्ख्या गावाच्या गाई माह्या दारी येतीन. पाटलाचीबी." त्यांना यातून काय हवं होतं ते मला तेव्हाच कळलं.

सरांनी लांबूनच मान हलवली. भेसळ. आणि नियम असा की नापास गोऱ्हा तिथल्या तिथे खच्ची करायचा. चिमटा घेऊन माणूस उभाच होता.

बाईंनी गोऱ्ह्याच्या गालावरचे केस बोटांनी बाजूला केले. "हे पाहा जी, मुळाशी पांढरं येऊन राह्यलं. याच्या मायचंबी असंच होतं. सहा महिन्यात दुधासारखा होते."

सरांनी मला भिंग घेऊन बघायला सांगितलं. मी वाकलो. लाल केसांच्या बुडाशी पांढरे केस होते, कोवळे, दाट, भिंगाशिवायही दिसतील असे.

"बाई, जन्माला येताना जो रंग, तोच खरा," सर तोवर समजावू लागले होते.

चंद्रभागाबाई शांतपणे म्हणाल्या, "जन्माचंच खरं धराचं असन, तं आमी गेल्या साली नागपूरले काऊन गेलतो?"

पाटील खाली बघू लागले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कायम नेमणुकीचा कागद त्यांच्या सहीसाठी पडून होता. मी म्हणालो, "स्पष्ट दिसत नाही, सर." आणि वहीत लिहिलं: लाल, नामंजूर. चिमट्याचा आवाज फार मोठा नसतो. गोऱ्ह्याचा होतो.

परतताना बाईंनी आमच्या गाडीत संत्र्यांची टोपली ठेवली, कारण पाहुणे रिकाम्या हाताने जात नाहीत. आष्टीची संत्री हिवाळ्यात जरूर खा. माझ्या वाटणीची मी त्या दिवशी गाडीवानाला दिली.

मी कायम झालो. दीड वर्षाने सर पुन्हा तिकडे एकटेच गेले आणि एक फोटो घेऊन आले. भरदार, दुधासारखं पांढरं जनावर, डाव्या कानाला चिरा. वशिंडावर कुणा बाईचा हात होता, मनगटापर्यंतच. बाकीची बाई सरांनी कापली होती. फोटो प्रयोगशाळेत लावायचा होता, खाली मजकूर: 'शुद्ध गवळाऊ. पैदाशीसाठी आदर्श.'

मी घाबरत म्हणालो, "सर, हा बैल आहे, वळू नाही."

सर म्हणाले, "फोटोत ते कुठे दिसतं?"

मी निवृत्त होईपर्यंत तो फोटो भिंतीवर होता. खालचा मजकूर माझ्याच अक्षरात आहे. अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणायचे.