महिरपी कंसातली माणसं

आमच्या पिंप्राळ्याच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. वडीलधारी माणसं कॉम्प्युटरला हात लावतात, किस्से आपोआप साचतात!

काम साधं. मेसेजचं वाक्य एकदाच लिहायचं, नावाच्या जागी महिरपी कंसात 'नाव' एवढंच लिहायचं. प्रोग्राम यादीतून एकेक नाव उचलून तिथं भरतो आणि मेसेज गावभर जातो. प्रोग्राम माझा, कॉलेज अर्धवट सोडलेल्याचा. ऑफिस नानांचं. चूक कोणाचीही असो, माझीच.

*

कापड दुकानाचा दिवाळीचा मेसेज. नानांनी नुसते कंस खोडले. "मध्येच हे काय वाकडंतिकडं? घाण दिसतं!"

सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज गेला, "प्रिय नाव, आपणांस हार्दिक शुभेच्छा."

दुकानदार भडकला. नाना त्याला म्हणाले, "पोरगं शिकलेलं नाही हो!"

*

मग नानांना मानपान सुचला. प्रत्येक नावापुढे 'भाऊ' लाव म्हणाले. मी म्हटलं, यादीत बायका आहेत.

"मान दिल्यानं कोणी मरत नाही!"

धुळ्याहून एका अक्कांचा फोन. "मी भाऊ कव्हय व्हयनी रे?"

अक्का भाऊ कधी झाल्या, ते सांगायला नानांनी फोन माझ्या हातात दिला.

*

शाळेचा निकाल. नानांनी यादी 'नीट' लावली, अकारविल्हे. फक्त नावं! मार्क जागच्या जागी. एका नापास पोराच्या बापाला एक्क्याण्णव टक्क्यांचा मेसेज. चूक सांगायला मीच फोन केला.

"पेढे वाटून झाले," बाप म्हणाला. "आता निकाल बदलता यायचा नाही!"

त्या दिवशी नानांनी बजावलं, "अजून एक चूक, की तू घरी." घरात कमावता मी एकटाच.

*

जामनेरच्या आबांचा चुलतभाऊ वारला. वाक्यात पहिला कंस गेलेल्याचा, शेवटचा कळवणाऱ्याचा. नानांनी ते पाहिलं. "आबा वयानं मोठे आणि त्यांचं नाव खाली? काही रीतभात?" स्वतःच नावं फिरवली.

मेसेज गेला. आबा वारले, कळवणारा चुलतभाऊ!

दुसऱ्या दिवशी आबा स्वतः ऑफिसात. नाना ताडकन उठले. "आबा, या पोराचे प्रताप! आत्ताच काढतो याला."

मी बॅग उचलली.

आबा खुर्चीत बसले, पाणी प्यायले. "काढू नको. जमिनीवरून भांडून गेला तेव्हापासून माझा मुलगा दारात आला नव्हता. काल आला. रडतच आला."

मग माझ्याकडे वळले. "दहाव्याचा मेसेज पण मीच गेलो म्हणून सोड, तेवढे दिवस तरी मुलगा थांबेल. उद्या परत जायचं म्हणतोय तो!"