तुळजाजींची फुगलेली नळी

माझे सासरे तुळजाजी चेन्नईतल्या गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात एकतीस वर्षं पाइप तपासायचे. पाइपात पाणी भरायचं, दाब वाढवायचा आणि बघत बसायचं. जरा फुगवटा दिसला की खडूने फुली. फुगलेल्याला ठिगळ नाही, थेट भंगार. हा नियम त्यांनी घरातही चालवला आणि माझे दोन चांगले कुकर घालवले.

मी सांगलीची, नोकरीपायी चेन्नईत आले आणि या तंजावरी मराठी घरात सून म्हणून पडले. अप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, मराठी पहिली दोन वर्षं मला झोपेत ऐकल्यासारखी वाटायची, शब्द ओळखीचे आणि अर्थ जरा पलीकडे.

गेल्या जानेवारीत मैलापूरला, सिगरेट ओढलेल्या पासष्टीपुढच्या पुरुषांसाठी पोटाची मोफत सोनोग्राफी होती. मीच त्यांना पाठवलं. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून जवळजवळ सहा सेंटीमीटर रुंद झाली होती. दुखत काहीच नव्हतं. ती फुटली तर बहुतेक जण दगावतात, आधीच ऑपरेशन केलं तर बहुतेक घरी येतात, असं तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं.

अप्पांनी ऐकलं एवढंच की नळी फुगली. "नोको मा. फुगलं म्हणजे संपलं," म्हणाले, आणि घरात असून नसल्यासारखे झाले. दुपारभर गॅलरीत बसत. समुद्राकडून वारा येई, दोरीवरचे कपडे सावकाश हलत, आणि ते डोळे मिटून हसत. म्हणायचे, सगळे पाइप उन्हात ओळीने निजलेले दिसतात, आतून पाणी वाहतं, आवाज मात्र नाही. मला भयंकर राग यायचा. माणूस समोर बसून कॉफी पितो आणि मनाने भंगारात जाऊन पडतो! मला ते हवे होते, अजून पुष्कळ वर्षं.

शेवटी हट्टाने सर्जनकडे नेलं. डॉक्टर विद्यालक्ष्मींनी कागदावर काढून दाखवलं, फुगलेला भाग उघडून आत कापडाची नवी नळी शिवायची. अप्पांनी चष्मा पुसून चित्र पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, "गेल्या वर्षी अशी किती केलीत?"

"न फुटलेली चाळीस. त्यातले एक गेले."

"कोण?"

डॉक्टरांनी कुठलाही कागद उघडला नाही. "रघुराम. एकाहत्तर वर्षांचे. तिसऱ्या दिवशी हृदय थांबलं."

अप्पांनी ते चित्र घडी करून खिशात ठेवलं. मग मला म्हणाले, "चोखट बाई हाय. पास झालेले अस्की, सगळेच, विसरायचे. नापास झालेलेच लक्षांत राहतात. मलाही तसंच." आणि सहीसाठी पेन मागितलं.

ऑपरेशन चार तास चाललं. मी खिडकीशी बसून होते. समोरच्या पुलावरून गाड्या जात होत्या, काचेमुळे आवाज न करता, आणि मला वाटत होतं की आपणही कुठेतरी वाहत चाललोय. शंभरात दोन-तीन जातात, हा आकडा तेवढा जागा होता.

नवव्या दिवशी घरी सोडलं. निघताना विद्यालक्ष्मी भेटायला आल्या. अप्पा पलंगाचा कठडा धरून हळूहळू उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"अम्मा," ते म्हणाले, "आता मला विसरून जा."

त्यांचे डोळे भरून आले. मी पाठ फिरवून औषधांची पिशवी आवरत राहिले.