डीपीवरून गाव ओळखणारे काका

माझ्या मावशीचे यजमान जगातल्या कुठल्याही माणसाशी जुळवून घेतात. फक्त त्या माणसानं सोलापूर जिल्ह्याला दुष्काळी म्हणता कामा नये. एकदा टीव्हीवरची बाई 'दुष्काळग्रस्त सोलापूर' असं काहीतरी बोलून गेली, तेव्हा काका ताटावरून उठले, घास हातात धरून टीव्हीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मग ही ज्वारी कुटं पिकली? तुझ्या ईष्टुडिओत?" तिच्या उत्तराची त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ते येत नाही अशी खात्री झाल्यावरच परत जेवायला बसले. भर वैशाखात सगळं सोलापूर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेलं असतं, तेव्हा काका गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळून हिंडतात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "भायेरचं ऊन आत येत न्हाय." वर घामाघूम झालेल्या पाहुण्याला धीर देतात, "आज लई बरं हाय. वारं हाय की!"

वीज खात्यात त्यांनी तीस वर्षं वायरमनकी केली. त्यामुळे आपल्याला गावं नावानं ठाऊक असतात तशी त्यांना डीपीनं, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरनं, ठाऊक आहेत. मोडनिंब म्हणजे त्यांच्या लेखी बाजारपेठ नव्हे. 'कायम फेज जायचा' ते ठिकाण. केमचं नाव निघालं की तिथल्या स्टेशनामागं पावसात त्यांनी चढलेला खांब निघतो. खांबाखांबाशी त्यांची ओळख आहे, आणि एसटीतून जाताना एखादा कललेला दिसला की घरातलं माणूस आजारी असल्यासारखे ते खिडकीतून मागे वळून बघत राहतात. सोयरीक जमवतानासुद्धा त्यांची कसोटी हीच. "पोरगं डोळं झाकून करा," एकदा ते मुलीकडच्यांना म्हणाले, "तेंच्या वस्तीवर म्या कदी आकडा बगितला न्हाय." तारेवर आकडा टाकून वीज चोरत नाही तो माणूस बायकोला नीट नांदवणारच, हे त्यांचं साधं गणित. निवृत्त झाले तरी खिशातली पक्कड सुटली नाही. पुतणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्यांना मांडवाच्या वायरीचा एक उघडा जोड दिसला. त्यांनी तडक मेन स्विच ओढला. माइक बंद, पंखे बंद, भटजी तोंड उघडं ठेवून थांबलेले. जोडाला चिकटपट्टी गुंडाळून झाल्यावर काकांनी स्टुलावरूनच हात केला, "हां, चालू द्या आता. सावधान."

हे सगळं मला इतक्या बारकाईनं ठाऊक आहे, कारण अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्यांच्याच घरी काढली. त्यांना मूलबाळ नाही. मावशी मला भाचा म्हणायची, पण काकांनी तो शब्द कधी वापरला नाही. कुणीही भेटलं की "आमचा पोरगा" म्हणायचे आणि पुढं माझे मार्क सांगायचे, ते चांगले असोत की नसोत. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी त्यांचा एक सहकारी खांबावर चढलेला होता. तो उतरेपर्यंत काकांना दम निघेना. त्यांनी पेढा कागदात बांधला, अवजारं वर ओढायच्या दोरीला अडकवला आणि खालून ओरडले, "वड वर! आमचा पोरगा पास झाला!"

असल्या माणसाच्या घरात वाढून मी काय केलं, तर पुण्यात नोकरीला लागल्यावर सोलापूरवर विनोद सांगायला शिकलो. कुणी काही म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकायचं, ही त्यामागची अक्कल. "आमच्याकडे दोनच ऋतू, उन्हाळा आणि कडक उन्हाळा," असं मी म्हणायचो आणि ऑफिस हसायचं. बोलण्यातला सोलापुरी 'की' मी प्रयत्नपूर्वक काढून टाकला होता. यंदा पाडव्याला जोडून सुट्टी आली, कोकणात कुठंच खोली मिळेना, तेव्हा मंदार, त्याची बायको ऋता आणि सलील या माझ्या ऑफिसातल्या मित्रमंडळींनी ठरवलं की गाडी काढून माझ्याच जिल्ह्यात जायचं. मी परोपरीनं सांगितलं की तिकडे बघण्यासारखं काही नाही. ते ऐकेनात. आणि मला तर हायवे सोडून एकही रस्ता येत नव्हता, म्हणून मी काकांना फोन केला. पलीकडून इतका आनंद सांडायला लागला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "चैताचा म्हैना हाय, आत्ताच मुलूख बगावा! या, या. म्या मोहोळच्या फाट्याव थांबतो."

थांबले होते. गळ्यात मफलर, खिशात पक्कड, एका हातात कडक भाकऱ्यांनी फुगलेली पिशवी, आणि गाडी चुकू नये म्हणून दुसऱ्या हातानं येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते थांबायची खूण करत होते. दोन ट्रक खरोखरच थांबले होते. ऋता हसून म्हणाली, "अय्या, हे कोण?"

मी काच खाली करत होतो. अर्धी काच उतरली होती. आणि मी म्हणालो, "ओळखीचे आहेत एक. रिटायर्ड वायरमन. रस्ते दाखवतील."

काका खिडकीशी पोचले होते. मी भेटलो की ते माझ्या गालावर हलकेच चापट मारतात. त्यासाठी उचललेला हात तसाच राहिला. मग तो हात त्यांनी दाराच्या कडीवर नेला, दार उघडलं, पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि मला म्हणाले, "चला सायेब." आणि गाडी चालवणाऱ्या सलीलला, "फुडं डावीकडं घ्या."

त्यानंतर दिवसभर मी 'सायेब' होतो. मला अजून वाटतं की त्यांनी रागवायला हवं होतं. पण ते रागावले नाहीत. त्यांनी मुलूख दाखवला. बाभळींमधून गाडी एका उघड्या माळावर नेली, इंजिन बंद करायला लावलं आणि तोंडावर बोट ठेवलं. बघता बघता वाळल्या गवतातून काळवीट उभे राहिले, एक, चार, मग अख्खा कळप, आणि एकदम उड्या घेत असे निघाले की त्यांचे पाय जमिनीला लागतात की नाही कळेना. माझा जन्म या जिल्ह्यातला आणि मी काळवीट पहिल्यांदा बघत होतो. काढणी झालेल्या रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या, कडुनिंब मोहरले होते, त्यांचा गोडसर कडू वास गाडीत भरला होता. काकांनी काळ्या मातीचं ढेकूळ फोडून ऋताला हुंगायला दिलं आणि म्हणाले, "ही एक पाऊस प्याली की हिवाळाभर पुरवून वापरती. हिला दुष्काळी म्हनत्यात." ती मातीकडे बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "तू इतकी वर्षं आम्हाला काय सांगत होतास रे?" मी हसण्यावारी नेलं. आतून मात्र मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

दुपारी त्यांनी गाडी एका वस्तीवर नेली. तिथले आप्पा त्यांचे जुने स्नेही. ज्वारीची मळणी झाली होती, अंगणात रास पडली होती. राशीजवळ पायताण घालून जायचं नाही, म्हणून काकांनी चपला लांब काढल्या. त्यांचं बघून माझ्या मित्रांनी बूट काढले. बुटासकट पुढे गेलो तो मी एकटा, आणि लक्षात आल्यावर उड्या मारत मागे आलो. आत बायकांनी शेंगाची चटणी, पिठलं, कांदा असा बेत केला होता. आणि आप्पांची म्हातारी ताट घेऊन बाहेर आली. ताटात नारळ, कोरा टॉवेल आणि कोरी पांढरी टोपी. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला टॉवेल-टोपी करतात.

"यातला तुमचा पोरगा कुटला वो?" तिनं काकांना विचारलं. "आट दीस झालं सांगताय, आमचा पोरगा येनार, आमचा पोरगा येनार."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला पुरेसा वेळ दिला, हे मी शपथेवर सांगतो. एक शब्द बोलायचा होता. मंदार, ऋता, सलील तिघंही कौतुकानं बघत होते. मी वाकून पायमोजे सारखे करत राहिलो.

"तेला सुट्टी न्हाय घावली," काका म्हणाले. "हे तेचं दोस्त हायती."

म्हातारीचं तोंड उतरलं. "आगं बया. येवढं आनून ठिवलं." मग तिनं टोपी उचलली, उलटसुलट केली. "म्या आपली आंदाजानं आनली. तेचं डोस्कं केवढं हाय?"

"ह्या सायेबांयेवढंच," काका म्हणाले.

म्हातारी जवळ आली आणि तिनं टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. दोन्ही हातांनी दाबून मागून पुढून पाहिली. "बसंल तेला," असं म्हणून तिनं ती काढून घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि गाठोडं माझ्याच हातात दिलं. "तुमी पुन्यातच ऱ्हाताय न्हवं? तेवढं पोचवा." जेवताना ऋतानं तीन भाकऱ्या खाल्ल्या. मी काय खाल्लं ते मला आठवत नाही.

परतताना फाट्यावर काका उतरले, तसा मीही उतरलो आणि गाठोडं त्यांच्यापुढं केलं. गाडी जरा लांब होती, कुणी ऐकत नव्हतं. "काका," एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "तुमच्याकडं दिलंय ते. तुमीच पोचवा." आणि सलीलला गाडी मागे घेताना खांब जपायला सांगून ते निघून गेले.

चार दिवसांनी ऑफिसात मी तिघांना खरं सांगितलं. वाटलं होतं हसतील. मंदार म्हणाला, "अरे, मग तेव्हाच सांगायचंस ना! त्यांच्या पाया पडलो असतो आम्ही." म्हणजे ज्या लाजेपायी मी हे केलं, ती लाज त्यांच्यापैकी कुणाच्या मनातही नव्हती. ती माझ्या एकट्याची होती. त्याच संध्याकाळी मी काकांना फोन केला आणि कसंबसं चुकलो म्हणालो.

"आरं, चालतंय की," ते म्हणाले. "ती म्हातारी तेवढी सारकी इचारती, पोराला टोपी बसली का म्हनून. म्या बसली म्हनून सांगतोय. पर तिची नजर आता अदू झालीया. दिसतंय तवर एकदा घालून दावून ये."