गळ्यातली थोरली

लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात सासूबाईंनी माझ्या गळ्यात माझी सवत बांधली. बोटाच्या पेराएवढा चांदीचा टाक, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती, आणि काळा दोरा. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं वारलेल्या पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. नवी साडी आली की आधी तिला लावायची, मग आपण नेसायची. कुंकू आधी तिला. सणाचा पहिला घास तिला.

"थोरली हाय ती. तिचा मान राखशीन त ती तुले सुखानं नांदू देईन," सासूबाई म्हणाल्या.

"आन् नाही राखला त?" मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे त्या घराला अजून कळायचं होतं. त्यांनी गाठ जरा आवळून बांधली.

सासर किन्हीराजा गावचं, पण आम्ही दोघं तिथं राहिलो नाही. यांची नोकरी वाशीमला, एस.टी.च्या वर्कशॉपात. म्हणून आम्ही गावाबाहेरच्या एका नव्या लेआउटमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आजूबाजूला निम्मे प्लॉट रिकामे, मधे कोणाची तरी तूर उभी, आणि संध्याकाळी कुत्रे. मला मात्र ते घर फार आवडलं. माझं लग्न उशिरा झालं होतं. माहेरी रिसोडला आई अंथरुणाला खिळलेली, तिचं करता करता माझं वय निघून गेलं. त्यामुळे स्वतःच्या हातानं चहापत्तीचा डबा कुठं ठेवायचा हे ठरवणं, एवढ्याचंही मला अप्रूप होतं. या घरात थोरली कधी राहिली नव्हती. तिचं इथं काहीच नाही, असं मी स्वतःला सांगत असे. मग आंघोळीला गेले की टाक ओल्या अंगाला चिकटायचा.

पहिल्याच रविवारी हे म्हणाले, "चाल, फिरून येऊ."

मी तर हरखूनच गेले. लग्नाआधी मला सगळ्यांनी सांगितलं होतं की माणूस अबोल आहे, घुमा आहे, बायको गेल्यापासून तर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा बसतो. आणि हा माणूस मला फिरायला नेतो म्हणतोय! मी भाकरी थापल्या, झुणका केला, ठेचा बांधून घेतला आणि मोटरसायकलवर मागं बसले. एकबुर्जी धरण काही लांब नाही. भिंतीवर उभं राहून हे म्हणाले, "पाह्य, किती पानी हाय. हे सारं वाशीमले जाते. आपल्या नळाले येते ना, तेच हे."

मी म्हटलं, "मले काय सांगून राह्यले? मी काय परदेशातून आली?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या गळ्याकडे बघत होते. वाऱ्यानं पदर सरकला होता आणि टाक वर आला होता. मी पदर ओढून घेतला. पाण्यावरून गार वारा येत होता आणि चांदी बर्फासारखी लागत होती. भाकर खाताना यांनी पहिला तुकडा मोडून फडक्याच्या कोपऱ्यावर वेगळा ठेवला. मला वाटलं, मुंग्यांना असेल.

त्यानंतर रविवार चुकला नाही. कधी पद्मतीर्थ तळ्याच्या काठाला, कधी शिरपूरच्या जैन मंदिराला, एकदा सोहोळच्या जंगलाकडे काळवीट बघायला. शेजारीण म्हणायची, "नशीब काढलं वं बाई तुनं. आमच्या बुढ्यानं मले चौकातल्या रसवंतीवर बी नाही नेलं कधी." मी वरून हसायची. आतून मला कशाचं तरी भय वाटायला लागलं होतं.

कारण प्रत्येक ठिकाणी तेच. हे बोलायचे, खूप बोलायचे, घरी आठवडाभर न बोललेलं सगळं बोलायचे, पण आवाज असा मऊ की जणू शेजारी कोणी आजारी माणूस बसलं आहे. शिरपूरला मंदिराच्या पायऱ्यांवर त्यांनी मला सांगितलं, "तिले बाहेर काढ ना जरा. गुदमरत असन तिथं."

मी हसले. मग बघितलं तर ते हसत नव्हते. मी मुकाट्यानं टाक पदराबाहेर काढला. 

सोहोळला काळवीट दिसले. चांगला कळप होता, मधे एक काळाकुट्ट नर, वळलेल्या शिंगांचा. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. यांनी चटकन माझ्या दंडाला धरलं आणि मला थोडं वळवलं. माझे डोळे तर कळपावरच होते. वळवायची गरज नव्हती. मग कळलं, त्यांनी माझा गळा कळपाकडे केला होता.

त्या दिवशी परत येताना मी मागं बसून रडले. वाऱ्यात कोणाला कळतंय! मी ठरवून टाकलं की हा माणूस थोरलीसोबत या सगळ्या जागी येऊन गेलेला आहे. या पायरीवर ती बसली असेल, या झाडाखाली तिनं डबा सोडला असेल, आणि आता हा माझ्या अंगावरून तेच रविवार पुन्हा जगून घेतोय. मी म्हणजे तिला अडकवायची खुंटी. घरातसुद्धा मला ती दिसायला लागली. म्हणजे दिसायची नाही, पण मी पोळी लाटताना वाटायचं की माझे हात कोणीतरी बघतंय, जसं धाकटीच्या कामाकडे थोरली बघते तसं. भाजीत मीठ टाकताना हात थबकायचा. तिला किती लागत असेल? मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. पण आमच्या घरात तिचं कौतुकही कोणी करत नव्हतं. निदान कौतुक ऐकलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मला फक्त एक रविवार हवा होता. दोघांचा. एवढंच मागणं होतं माझं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. मेलेल्या बाईची तक्रार करणारी बाई लोकांना आवडत नाही.

कारंज्याला जायचं ठरलं त्या रविवारी सकाळी मी दोरा डोक्यावरून काढला आणि टाक देवघरातल्या करंड्यात ठेवला. "आज तू घर राख माय," मी तिला म्हटलं. "मी येते नवऱ्यासंगं फिरून." झाकण लावलं. वाटलं, जसं काही मी कोणाला कोंडलं.

मंगरुळपीरपर्यंत मी फार खूश होते. गाडीवर मागून यांच्या खांद्यावर हात ठेवला, वाटेतल्या शेतांत कापूस वेचणाऱ्या बायकांकडे बघून उगीच हसले. चहाला थांबलो तेव्हा मात्र माझा हात सारखा गळ्याकडे जायला लागला. जिथं टाक असायचा तिथं गार पडलं होतं. हे म्हणाले, "थंडी लागून राह्यली काय?" मी म्हटलं, "हो," आणि पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळला.

कारंज्यात मंदिरं पाहिली, जुनी मोठमोठी घरं पाहिली. यांचा पाय कुठं ठरत नव्हता. शेवटी ते मला बाजारातल्या एका गल्लीत घेऊन गेले. बांगड्यांची दुकानं होती. एका म्हाताऱ्या कासाराच्या ओट्यावर बसून म्हणाले, "हिरव्या दाखवा. दोन-चार मापाच्या."

कासारानं माझ्या हाताकडे बघितलं. माझा हात म्हणजे आईला उचलून-बसवून रुंद झालेला. "भाऊ, ताईचा हात दोन-आठचा हाय. दोन-चार चढन काय?"

"तेच द्या," हे म्हणाले. आपण थोरलीचं माप बोललो, हे त्यांना कळलंही नाही.

मी उठले आणि चालायला लागले. मागून कासार हाका मारत होता. गाडीपाशी आले आणि उभी राहिले. थोड्या वेळानं हे आले, हातात पेपरात गुंडाळलेल्या बांगड्या. दोन-चारच्याच.

"इथूनच घेतल्या होत्या ना तिले?" मी म्हटलं. रस्त्यात लोक होते, पण मला कशाची शुद्ध होती! "याच दुकानातून ना? आन् त्या धरणावर, त्या हरणाइले पाहाले, साऱ्या जागी नेलं होतं ना तिले? मंग मले कायले नेता? जुन्या जागा पुन्हा गिरवाले?"

 "नाही वं," हे म्हणाले. "तिले म्या कोठंच नेलं नाही."

मला आधी खोटंच वाटलं. मग त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. ती म्हणायची, कारंज्याला बांगड्यांची गल्ली आहे म्हणे, एकदा दाखवा. म्हणायची, वाशीमच्या इतक्या जवळ धरण आहे, आपण काही पाहिलं नाही. रविवार आला की हे गावी शेतात जायचे, नाहीतर झोपायचे. जाऊ, जाऊ म्हणत वर्षं गेली. मग तिला कावीळ झाली. अकोल्याला नेताना ॲम्ब्युलन्सच्या काचेतून ती बाहेर बघत होती. पातूरचा घाट लागला तेव्हा म्हणाली, किती चांगलं हाय हो हे, अन् हे म्हणाले होते, झोप आता, बोलू नको.

"तेवढंच तिचं फिरनं," हे म्हणाले. "आता दाखवून राह्यलो. कारंजा राह्यलं होतं." आणि त्यांनी माझ्या गळ्याकडे हात केला. "काढ ना तिले बाहेर. पाहू दे गल्ली."

  एकदम सगळं मनात आलं. धरणावर दिलेली पाण्याची ती माहिती, फडक्याच्या कोपऱ्यावरचा तुकडा. मी जिचा मत्सर केला, ती बिचारी माझ्याही आधी याच माणसाच्या घरात एका रविवारासाठी झुरत होती. आणि नेमक्या आज, तिच्या दिवशी, मी तिला डब्यात घालून आले होते.

"नाही हाय ती," मी म्हटलं. "घरी ठेवली म्या."

हात तसाच राहिला. मग ते एका बंद दुकानाच्या पायरीवर खाली बसले. "काहून?" म्हणाले. लहान लेकरासारखं म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी संतापही आला.

"काहून म्हंजे? मले तुमच्यासंगं यायचं होतं म्हून! ती जित्ती होती तेव्हा तुमाले शेत होतं, झोप होती. आता ती मेली त तुमी बोलता, दाखवता, बांगड्या घेता. मी जित्ती हाय, मले कोणी इचारत नाही. आता एक करा. मी मेल्यावर मले जिथं जिथं नेनार ना, तिथं आत्ताच न्या. मंग मी काही येनार नाही. तिसरीच्या गळ्यात बसून त बिलकुल येनार नाही!"

रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले होते. यांनी मान वर केली. डोळे भरून आले होते, आणि ते डोळे माझ्या तोंडाकडे होते.

"सांग," ते म्हणाले. "कोठं जायचं तुले?"

मी तोंड उघडलं. धरण आठवलं, ते तिचं. हरणं आठवली, ती तिची. शिरपूरच्या पायऱ्या, तळं, ही गल्ली, सगळं तिनंच मागितलेलं. त्याच्याआधी आईची खाट होती. मी तिथंच उभी राहून पुष्कळ आठवून पाहिलं, पण मला जायचं आहे असं एकही ठिकाण मला सांगता आलं नाही.