चिंचोक्यांची पंगत

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी पुण्याला संख्याशास्त्र शिकत होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. आमच्या सरांनी एक नवी रीत सांगितली होती. गर्दी कशी वागेल हे शोधायचं तर एकेका माणसाला एक साधा नियम द्यायचा, त्याप्रमाणे त्याला हलवायचं आणि पुढं काय घडतं ते बघायचं. परदेशात हे गणकयंत्रावर करत. मी गावी, कार्ल्याला, आमच्या ओसरीवर खडूनं मांडव आखला, त्यात पंगतीच्या समोरासमोर दोन ओळी काढल्या आणि मूठभर चिंचोके घेतले.

हौस म्हणून नव्हे, धास्तीपोटी. मागच्या वर्षी चुलतबहिणीच्या लग्नात पंगत रेंगाळली, वरपक्ष शेवटच्या एसटीसाठी उपाशीच निघाला, आणि ती पोर अजून सासरी त्याचे टोमणे ऐकत होती.

माझा नियम सोपा होता: जागा दिसली की बसायचं. दोन्ही ओळी भराभर भरल्या. मी मिशीवर ताव दिला. शेजारी बसलेली नवरी म्हणाली, "दादा, हे चिंचोके आपल्यातले न्हाईत. आपल्यात आधी कोण बसतंय?"

खरंच होतं. धम्म घेतल्यापासून आमच्या वस्तीनं मानपान मोडीत काढला होता. त्याचा मला आजही अभिमान आहे. पण पहिला मान कुणाचाच नाही म्हटल्यावर जो तो दुसऱ्याला म्हणे, "आबा, तुमी बसा." आबा म्हणत, "न्हाई, तुमी बसा." मी नियम बदलला: ओळीत शेजारी कुणी बसलं असेल तरच बसायचं. झालं, सगळे चिंचोके उभेच. बहीण आधी हसली आणि मग रडायलाच लागली.

मग एक चिंचोका मीच बसवला. त्याची ओळ हळूहळू भरली, समोरची रिकामीच. दोन्हीकडं एकेक बसवला तेव्हा कुठं काम झालं. म्हणजे लाज कमी आणि भूक जास्त अशी दोन माणसं हवी होती. मामा लगेच तयार झाले. दुसरे म्हणून त्यांनी कुसगावचे आपले एक दोस्त सुचवले.

लग्नाच्या दिवशी मामा बसले, त्यांची ओळ भरली. दोस्त आलेच नव्हते. समोर नुसत्या पत्रावळ्या, कडेला वरपक्ष उभा, आणि "तुमी बसा" चालूच. मी भाताची बादली खाली ठेवली आणि जाऊन बसलो. नवरीच्या भावानं वाढायचं सोडून आधी जेवायला बसावं, असं आमच्याकडं कुणी केलं नव्हतं. वडिलांचा चेहरा उतरला. तेवढ्यात नवऱ्याचे आजोबा माझ्या शेजारी मांडी घालत म्हणाले, "लेकरू बसलंय, मग आपन कशापायी उभं ऱ्हायाचं?" बघता बघता ओळ भरली. माझा जीव भांड्यात पडला.

एसटी यायच्या आत सगळे जेवून उठले. निघताना सासूनं बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. "लय जेवलो आमी," ती म्हणाली. "चल पोरी, आपल्या घरी जाऊ."

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी वाकून उष्ट्या पत्रावळ्या गोळा करत राहिलो, नाहीतर सगळ्यांदेखत रडलो असतो.