उघड्या फाटकाचा नंबर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही – ती शेवटच्या आजारात तासन्‌तास माझा हात धरून पडून असे, तेव्हाही नाही. मुलाला तर नाहीच. आज सांगतो आहे ते मन हलके व्हावे म्हणून नव्हे. माझे मन हलके झाले काय, जड राहिले काय, तुम्हाला त्याचे काय? सांगतो आहे ते एवढ्यासाठी, की आमच्या सोसायटीच्या वॉचमनविषयी, धर्मा ठाकूरविषयी, जे बोलले जाते ते साफ खोटे आहे. आणि खोटे खपवून घेणे माझ्या स्वभावात नाही –

नाही, हे वाक्य खोडायला हवे. पण राहू दे. ते किती पोकळ आहे, ते तुम्हाला पुढे कळेलच.

मी फौजेत सतरा वर्षे काढली. हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि रेल्वेत गेटमन झालो. नावड्याजवळच्या फाटकावर माझी उरलेली नोकरी झाली. धर्मा तिथला दुसरा गेटमन. तो मूळचा याच गावचा. त्याच्या वाडवडिलांच्या भातखाचरांवर आज आपल्या इमारती उभ्या आहेत. माझी पाळी संपली की त्याची सुरू होई.

आता लोकांची एकेक आवृत्ती घ्या. गाव म्हणते, फाटकावर अपघात झाला त्या सकाळी धर्मा प्यायलेला होता. खोटे. त्याच्या तोंडाला कधी ताडीचासुद्धा वास आला नाही. सोसायटी म्हणते, भावकीतल्या माणसाचा टेम्पो जाऊ द्यावा म्हणून त्याने बंद फाटक उघडले. खोटे. माझा मुलगा म्हणतो, बाबांनी त्याला वाचवायची खटपट केली, त्यांनीच त्याला इथे वॉचमन म्हणून लावून घेतले. दोन्ही खोटे. तो इथे स्वतःहून आला. सगळी नवी मुंबई सोडून माझ्याच इमारतीच्या गेटवर का आला, हे मी त्याला कधी विचारले नाही. विचारण्याचे धाडस झाले नाही, असे लिहिणे अधिक खरे ठरेल.

फाटकाचे काम तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. गाडी सोडण्याआधी स्टेशनमास्तर गेटमनला फोन करी. गेटमनने आधी फाटक पाडायचे, म्हणजे त्याचा दांडा चाक फिरवून खाली आणायचा, कुलूप लावायचे, मग हाताशी असलेल्या यादीतला पुढचा दोन आकडी नंबर फोनवर सांगायचा आणि यादीत तो खोडायचा. मास्तर तो नंबर लिहून घेई आणि सिग्नल देई. त्या नंबराचा अर्थ एकच – फाटक बंद आहे. पाहायला कोणी येत नसे. नंबर म्हणजे गेटमनचा शब्द.

आणि मी तो शब्द आधी देत असे. फाटक नंतर.

का? तळोज्याच्या कारखान्यांचे टँकर आणि ट्रक रांगा लावून उभे राहत, हॉर्न वाजवत, आयाबहिणींचा उद्धार करत. मालगाडी यायला दहा-बारा मिनिटे लागत. मी हिशेब बसवला होता – नंबर द्यायचा, आणखी पाच मिनिटे रस्ता वाहता ठेवायचा, मग फाटक पाडायचे. वर्षानुवर्षे हे चुकले नाही. फौजी माणसाचे घड्याळ, असे मी अभिमानाने म्हणत असे. परवा एक जुना सहकारी मला म्हणाला, सगळेच गेटमन तसे करत. हेही खोटे. धर्मा करत नसे. मी त्याला शिकवायला गेलो, तेव्हा तो हसून म्हणाला होता, “हवालदार, नंबर देला म्हंजे जबान देली. फाटक उघरं ठेवून जबान कशी देऊ? माजी आय वर बसून बघतंय ना.” मी त्याला भित्रा म्हणालो. चार माणसांसमोर म्हणालो.

त्या दिवशी सकाळी आठची वेळ. मास्तरांचा फोन आला. मी नंबर दिला – सत्तेचाळीस. फाटक उघडे होते. तेवढ्यात धर्मा आला. माझ्यासाठी घरून सुकट घेऊन आला होता. ती कशी धुवायची, कांदा किती घालायचा, हे तो मला सांगत राहिला. मी हसलो, त्याची थट्टा केली, ड्यूटीच्या वहीत चार्ज दिल्याची सही केली आणि नळावर तोंड धुवायला गेलो. गाडी येते आहे, हे त्याला सांगायचे राहिले. वहीत गाडीची नोंदही नव्हती, कारण नोंद मी फाटक पाडल्यावर करत असे. त्याला कळणार कसे?

तोंडाला साबण असताना शिटी ऐकली. धर्मा धावला, मी डोळे चोळत उभा राहिलो. तो फाटकाच्या चाकाला हात घालेपर्यंत इंजिनाने टेम्पोची पुढची बाजू उडवली होती. ड्रायव्हर धर्माच्या भावकीतला निघाला. त्याचा उजवा पाय गुडघ्यावरून कापावा लागला.

धर्मा त्याला पत्र्यांतून बाहेर काढत होता, तेव्हा मी काय करत होतो? इथवर वाचलेत, आता हेही वाचा. मी खोलीत वहीसमोर बसलो होतो. माझ्या सहीच्या वर अर्धी ओळ मोकळी होती. तीत मी बारीक अक्षरांत लिहिले – फाटक बंद, नंबर सत्तेचाळीस. अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले. हे मुद्दाम सांगतो.

चौकशीला तरुण अधिकारी होते. आदराने मला त्यांनी खुर्ची दिली. म्हणाले, “हवालदारसाहेब, तुमच्या शब्दावर मी जाईन. फाटक कोणी उघडले?” मी म्हणालो, मी बंद करून चार्ज दिला होता, टेम्पो त्याच्या भावकीतला होता. एवढेच. दोन वाक्ये, पहिले खोटे, दुसरे खरे. धर्मा म्हणाला, “मी आलो तवा उघरंच होतं, सायेब.” त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी कबूल करीन, याची त्याला खात्री होती म्हणून पाहिले नसेल. त्याला कामावरून काढले. त्यानंतर वर्षभराने मी हारतुरे घेऊन निवृत्त झालो.

भीतीपोटी बोललो म्हणावे, तर मी गोळीबारात भ्यालो नव्हतो. लढाईने माणूस असा होतो, असे कोणी म्हणू लागेल, तर त्याला माझ्या दारात उभा करणार नाही. लढाईचा यात काडीचा संबंध नाही. त्या खुर्चीत बसून “चुकलो” म्हणणे मला कमीपणाचे वाटले. बस्स.

गेली चार वर्षे रोज सकाळी मी फिरायला निघालो की धर्मा सोसायटीचे गेट उघडतो आणि मोठ्याने म्हणतो, “फाटक उघरलं हाय, हवालदार. बघून घ्या.” लोक हसतात. दोन जुन्या दोस्तांची गंमत, असे त्यांना वाटते. मीही हसतो.

गेल्या रविवारी सोसायटीच्या कमिटीची मीटिंग झाली; मी तिचा अध्यक्ष आहे. सेक्रेटरींची स्कूटर भरदुपारी चोरीला गेली होती. धर्मा तेव्हा त्यांच्याच घरचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर पोचवत होता. ते कोणी बोलले नाही. सेक्रेटरी म्हणाले, “रेल्वेचं फाटक ज्याला सांभाळता आलं नाही, तो आपलं गेट काय सांभाळणार? काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका, फक्त सही करा. तुम्ही तर त्याला तेव्हापासून ओळखता.” धर्माला काढण्याची नोटीस माझ्यापुढे सरकवली गेली. माझे नाव टाईप केलेलेच होते, त्यावर थोडी मोकळी जागा.

 वाचून सही करतो म्हणालो आणि कागद घरी आणला. दुसऱ्यांदा खरे दडवले – हेही यातच धरा.

हे सर्व मी त्याच नोटिशीच्या पाठीवर लिहिले आहे. जागा पुरेना म्हणून आणखी पाने जोडली. नोटीसबोर्डाच्या काचेची किल्ली माझ्याकडे असते. उद्या सकाळी पाने तिथे लावीन. एक प्रत रेल्वेच्या कार्यालयाला, एक त्या ड्रायव्हरच्या घरी मी स्वतः नेऊन देईन. दार लावून घेतले, तर दाराखालून सरकवीन.

मग फिरायला निघेन. धर्मा गेट उघडेल आणि म्हणायचे ते म्हणेल. मी हसणार नाही.

नंबर सत्तेचाळीस. फाटक उघडे होते. खाली सही माझी आहे.