कमरेची गोळी कमरेत जात नाही

मेडिकलच्या काउंटरवर किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी येतात, आणि बहुतेक वेळा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय येतात. बी. फार्म. करून नांदेडात नोकरीला लागले त्याला दोन वर्षं झाली. सगळ्यात जास्त किस्से कमरेच्या गोळीचे. लोकांना ते सांगते तेव्हा लोक हसतात. मला हसू येत नाही, कारण माझे अण्णा चाकूर ते जळकोट काळी-पिवळी जीप चालवतात आणि त्यांची कंबर दुखते.

* * *

एक बाई झोपेची गोळी मागायला आल्या. चिठ्ठी नाही म्हणून मी नाही म्हणाले. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग कमरेची द्या. आमच्या शेजारणीला तिनं लई झोप लागते."

कंबर दुखते का, विचारलं. तर म्हणे, न्हाई.

आमचे मालक मागून म्हणाले, देऊन टाक, गिऱ्हाईक कशाला तोडतेस? त्यांचं वय साठ, दुकानाचं तीस. मी दिली नाही. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत, काम मात्र झकास झालं.

* * *

एका रिटायर गुरुजींना मी नीट समजावलं. म्हटलं, स्नायू आवळून धरायचा हुकूम मेंदू आणि मणक्यातल्या नसांकडून येतो. ही गोळी तिथं जाऊन तो हुकूमच मंद करते. म्हणून कंबर सैल पडते, पण पाय, डोळे, सावधपणा, सगळंच सैल पडतं. गुरुजींनी मान डोलावली. वर्गात न समजलेली पोरं डोलावतात तशी.

आठ दिवसांनी आले. गोळ्यांचा काही उपयोग नाही म्हणाले. कशा घेतल्या?

"कुटून करडईच्या तेलात कालवल्या अन् कमरेला चोळल्या. तूच म्हणालीस, पोटात घेतली की डोक्यात जाते."

* * *

आता अण्णा. त्यांना गोळी दिली दुसऱ्या एका जीपवाल्यानं. आमच्याकडं औषध विड्यासारखं वाटून खातात.

मला कळलं ते फोनवर. जय भीम झालं, पाऊसपाणी झालं, मग सहज म्हणाले, "काल वळणावर रस्ता वळला, मी न्हाई वळलो."

जीप थेट सोयाबीनमध्ये. कुणाला लागलं नाही. शेतकरी शिव्या देत आला म्हणून जाग आली, असं कौतुकानं सांगत होते.

गोळी कधी घेतली होती?

"सकाळी. गाडीवर बसलं की दुखतं, मंग घरी पडल्यावर कशाला घेऊ?"

मी ओरडले. ते म्हणाले, गोळी कमरेची हाय, तू डोक्यात कशाला घेतीस?

* * *

त्यानंतर रोज सकाळी पहिली खेप निघायच्या आधी माझा फोन. घेतली का? न्हाई. खरंच? तुझ्या आईची शपथ. आईला विचारलं तर ती म्हणाली, शपथ माझी हाय, मला कुणी विचारलं का?

डॉक्टरला दाखवा म्हटलं की अण्णांचं ठरलेलं उत्तर, "तुला शिकवलं कशाला मग?" ड्रायव्हरनं ही गोळी घ्यायची नाही, हे एक वाक्य मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. महिनाभर रोज सकाळी ते म्हणवून घेतलं.

* * *

सुट्टीत चाकूरला गेले. खात्री करायची म्हणून जळकोटच्या खेपेला अण्णांच्या शेजारी बसले. अण्णा टक्क जागे. ते वळण आलं, जीप बरोबर वळली. महिन्यात पहिल्यांदा मी नीट श्वास घेतला.

मग जाणवलं, मागे लई शांतता आहे. जागेवरून भांडण नाही, काच लाव-काढ नाही. वळून बघितलं. नऊ माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून पडलेली. शेवटच्या सीटवरच्या आजींच्या हातातली पिशवी कधीच खाली पडली होती.

मी हळूच विचारलं, अण्णा, तुमच्या गोळ्या कुठं आहेत?

"रस्ता किती खराब हाय बघतीस न्हवं? समद्यांच्याच कमरा दुखत्यात. निघताना वाटल्या," अण्णा म्हणाले. "तू ड्रायव्हरनं घ्यायची न्हाई म्हणालीस. प्याशिंजराचं काय बोलली न्हाईस."

जळकोट आलं. अण्णांनी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

कुणीच उतरलं नाही.